लाख कोटींत पन्नास

१९७१च्या नोव्हेंबरात ‘शॅकल्टन’ हे संशोधन जहाज ब्रिटनहून अंटार्क्टिकाच्या दिशेने निघाले. त्यावर शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक होते आणि त्यांनी घरीच जुळवलेले एक यंत्र. या कामासाठी मागितलेले अनुदान आधी नाकारले गेले होते. लव्हलॉक यांना वाटेतल्या हवेत सीएफसी-११ शोधायचा होता. स्प्रेच्या डब्यांत आणि फोम बनवताना तेव्हा वापरला जाणारा हा वायू निसर्गात तयार होत नाही. सापडला तर तो माणसानेच सोडलेला.

या शोधाची सुरुवात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर झाली होती. लव्हलॉक सुट्टीत तिथे असत, तेव्हा हवेत धुरके पसरायचे. ते कारखान्यांचे की निसर्गाचे? त्यांनी हवा तपासली. धूसर दिवशी सीएफसी-११चे प्रमाण लाख कोटी रेणूंमागे सुमारे १५० भरले. अटलांटिकवरून स्वच्छ वारे वाहत होते त्या दिवशीही ते ५०च्या आसपास होतेच. हे ५० आले कुठून?

इतके थोडे रेणू मोजणारा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर लव्हलॉक यांनी १९५७मध्ये लंडनच्या मिल हिल येथील वैद्यकीय संशोधन संस्थेत तयार केला होता. त्याची रचना चकित करण्याइतकी साधी आहे. लहानशा कोठडीत निकेल-६३ या किरणोत्सारी धातूचा पत्रा असतो (सुरुवातीला दुसरे किरणोत्सारी पदार्थ वापरत). त्यातून निघणारे बीटा कण कोठडीतून वाहणाऱ्या नायट्रोजनवर आदळतात आणि मंद इलेक्ट्रॉनांचा थवा सुटतो. ते इलेक्ट्रॉन गोळा केले की एक बारीक, स्थिर विद्युतप्रवाह मिळतो. हवेच्या नमुन्यातले घटक आधी एका लांब, बारीक नळीत वेगळे होतात आणि एकामागून एक कोठडीत येतात. क्लोरीन, ब्रोमीन असलेला रेणू आला, की तो इलेक्ट्रॉन गट्ट करतो आणि प्रवाह घटतो. ही घट म्हणजेच मोजमाप. साध्या हायड्रोकार्बनांना इलेक्ट्रॉनांची हाव नसते. ते कितीही आले तरी डिटेक्टर जवळपास ढिम्म राहतो. गर्दीतून नेमके हवे तेच रेणू टिपायचे, ही त्याची खरी ताकद. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचे अंश दूरदूरच्या सजीवांत सापडू लागले, तेही याच उपकरणामुळे.

‘शॅकल्टन’च्या सफरीत दक्षिण गोलार्धातही सीएफसी-११ सापडला. कारखान्यांपासून हजारो मैलांवर, प्रत्येक ठिकाणी. म्हणजे सोडलेला वायू नाहीसा होतच नव्हता, साठत होता. १९७३मध्ये ‘नेचर’मध्ये हे आकडे छापताना लव्हलॉक यांनी त्यापासून धोका नाही असेही लिहिले, ते वाक्य त्यांना पुढे फार बोचले. मोजणी अचूक होती, अंदाज चुकला. पण आकडे चोख असल्यामुळेच इतरांना पुढचा प्रश्न विचारता आला. रसायनशास्त्रज्ञ शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४मध्ये दाखवले, की हे रेणू वर चढून अतिनील किरणांनी फुटतात आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खातो. १९८७मध्ये अशा वायूंचे उत्पादन आटोक्यात आणणारा माँट्रियल करार झाला.

२०१८मध्ये वातावरण संशोधक स्टीफन माँट्झ्का आणि सहकाऱ्यांना काहीतरी खटकले. हवेतला सीएफसी-११ घटत होता, पण अपेक्षेपेक्षा सावकाश. उत्पादन जगभर थांबल्याचे कागद सांगत होते. हवाईच्या मौना लोआसारख्या ठिकाणच्या हवेची मोजमापे ते मानायला तयार नव्हती. २०१९मध्ये दक्षिण कोरियातील गोसान आणि जपानमधील हातेरुमा इथल्या नोंदींनी पूर्व चीनकडे, मुख्यतः शांदोंग आणि हबेई प्रांतांकडे बोट दाखवले. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तिथले उत्सर्जन पुन्हा घटल्याचे दिसले.