शेजार घडवावा लागतो

१९०९ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर वायएमसीएचे कार्यकर्ते हॅरी एडमंड्स यांनी समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला जाता जाता ‘गुड मॉर्निंग’ केलं. विद्यार्थी थबकला. शहरात येऊन त्याला तीन आठवडे झाले होते आणि आपणहून बोललेला हा पहिलाच माणूस होता. एडमंड्स आणि पत्नी फ्लॉरेन्स यांनी मग परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. पंगत वाढली, तिचा क्लब झाला. धाकट्या जॉन रॉकफेलर यांच्या देणगीतून १९२४ साली रिव्हरसाइड ड्राइव्हवर ‘इंटरनॅशनल हाउस’ उभं राहिलं.

याच परिसरात १९१३ पासून शिकणारे डॉ. आंबेडकर आधी हार्टली हॉलमध्ये, मग कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहिले. तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जमलेली मैत्री आयुष्यभर टिकली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी लंडनला परतताना त्यांना भथेनांनी पैसे उसने दिले. वसतिगृहातला शेजार माणसाच्या आयुष्याला किती लांबवर पुरतो, ते इथे दिसतं.

इंटरनॅशनल हाउसच्या कल्पनेची खरी कसोटी लागली ती कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत. तिथल्या पिडमाँट अव्हेन्यूवर गोऱ्या विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळांची (फ्रॅटर्निटी) घरं होती आणि त्यांचे दरवाजे परदेशी व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होते. एडमंड्स यांनी तिथल्या इंटरनॅशनल हाउससाठी जाणूनबुजून तीच जागा निवडली. गोरे-काळे आणि मुलं-मुली एका छपराखाली राहणार म्हटल्यावर गाव खवळलं. निषेधाच्या सभेला आठशेवर माणसं जमली. त्या तापलेल्या सभेत डिलायला बीझ्ली ही कृष्णवर्णीय पत्रकार उभी राहिली आणि तिने या घराची बाजू ठामपणे मांडली. १८ ऑगस्ट १९३० रोजी दारं उघडली.

पण दार उघडल्याने ओळख होतेच असं नाही. मोकळं सोडलं तर प्रत्येकजण आपल्याच भाषेच्या टेबलावर जाऊन बसतो. म्हणून या घरांत कार्यक्रमांना इतकं महत्त्व आहे. बर्कलीत दर आठवड्याला कॉफीची बैठक भरते. व्याख्यानं होतात, एकमेकांचे सण साजरे होतात, एकत्र रविवारची जेवणं होतात. मुख्य म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या बरोबरीने अमेरिकन विद्यार्थीही तिथे राहतात. यजमान आणि पाहुणा असा भेद तिथे उरत नाही, सगळेच रहिवासी.

आपल्याकडे पुण्यात शेजाराची हीच गरज एका आजारपणातून दिसली. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मुलांच्या हॉस्टेलचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी खिडकीतून आतल्या मुलाला जेवण देताना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, दोघंही मॉरिशसची. मुलगा काविळीने अंथरुणाला खिळलेला आणि त्याची विचारपूस करणारं दुसरं कुणी नाही. त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था सुरू झाली.

आज पुण्यात कितीतरी देशांची मुलं शिकतात. त्यांना खोली, मेस आणि वाय-फाय दिलं की आपलं काम संपलं, असं मानणं चूक आहे. त्यांच्या शेजारच्या खोलीत साताऱ्याचा, लातूरचा मुलगा हवा, आणि दोघांना एका टेबलावर आणण्याची जबाबदारी नेमून दिलेला माणूस हवा. त्यासाठी विद्यापीठांच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद असायला हवी. कारण आजारी मुलाची आधी चौकशी करतो तो शेजारीच.