मेल आला का, हे किती वेळा विचारायचं?

काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला जाऊन आलेल्यांची एक तक्रार हमखास असते: फोन फारसा हातात धरलाही नाही, तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी संपली. अकोले तालुक्यात रतनवाडी, घाटघरकडे उतरलं की डोंगर टॉवरच्या आड येतात. रेंज कमी झाली की फोनला टॉवर गाठायला जास्त ताकद लावावी लागते. त्यात मेलचं ॲप दर पाच मिनिटांनी सर्व्हरला “काही आलंय का?” असं विचारत असेल, तर दिवसाच्या खेपा होतात २८८. बहुतेक उत्तरं “नाही”. आणि त्या ‘नाही’साठी जागा झालेला रेडिओ लगेच झोपतही नाही, अजून काही येईल म्हणून काही सेकंद ताटकळतो.

पंधरा मिनिटांनी विचारलं तर खेपा ९६ वर येतात, पण आलेला मेल सरासरी साडेसात मिनिटं पडून राहतो. म्हणजे बॅटरी तरी घालवा, नाहीतर वेळ तरी. यातून वाट आहे का?

आहे, आणि ती राहुरीकडे मुळा कालव्यावरच्या शेतकऱ्याला विचारावी. आवर्तनाच्या दिवसांत तो तासातासाला चारीवर कशाला जाईल? वरच्या शेजाऱ्याला सांगून ठेवतो, “पाणी आलं की हाक मार.” १९९७ साली आयबीएमच्या बॅरी लीबा यांनी आयमॅप या मेलच्या नियमावलीत अशीच सोय आणली. ॲपने एकच शब्द पाठवायचा, ‘आयडल’, आणि गप्प बसायचं. जोडणी उघडी, पण तिच्यातून काहीच जात नाही. मेल आला की सर्व्हर एवढीच ओळ सोडतो: “२४ एक्झिस्ट्स”. पेटीत आता चोवीस मेल आहेत. कोणाचा, कशाबद्दल, एक अक्षर नाही! ते ॲपने मग मागून घ्यायचं.

खरी गंमत पुढेच आहे. अर्धा तास काहीच हालचाल नसेल तर सर्व्हर जोडणी तोडू शकतो. म्हणून लीबांनी सल्ला दिला, दर २९ मिनिटांच्या आत ‘आयडल’ पुन्हा म्हणा. गप्प बसायचं, पण गप्प आहोत हे अधूनमधून कळवत!

जुन्या पॉप पद्धतीत मात्र ही सोय नाही, तिथे विचारावंच लागतं. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. ज्याला तेवढाही धीर नाही, त्याने मेलची वाट पाहू नये, सरळ फोन लावावा.