‘रीड-ओन्ली’चा चौकोन परत का येतो?

कळव्यातल्या बऱ्याच घरांत सगळ्यांचा मिळून एकच कॉम्प्युटर असतो. दहावीची मार्कशीट, आजीचे फोटो, सगळं त्यातच. मग कोणीतरी सांगतं, “फोल्डर रीड-ओन्ली कर, झालं सेफ!” थांबा जरा. विंडोजमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला तो चौकोन फक्त आतल्या फाइल्ससाठी असतो, फोल्डरसाठी नाही. म्हणून काढला तरी पुन्हा भरलेला दिसतो. बिघाड नाही तो! एखाद्या फाइलला रीड-ओन्ली केलंत, तर बहुतेक प्रोग्रॅम तिच्यावर बदल सेव्ह करू देत नाहीत. डिलीट मात्र ती आरामात होते. तेव्हा प्रत्येकाचं युजर अकाउंट वेगळं ठेवा आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी पेनड्राइव्हवर. आजच करा, बरं का!