आजची गाठ, पन्नास वर्षांपूर्वीचं ऊन

ब्रिस्बेन : इथल्या हवामानवार्तेत तापमानाबरोबर अतिनील किरणांचा निर्देशांकही सांगतात. तो ३ झाला की टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन. उन्हाळ्यात तो ११ च्या पुढे जातो. टोपी विसरलेल्या मुलाला शाळेत मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत. मला सुरुवातीला हा अतिरेक वाटला होता. मर्केल सेल कार्सिनोमाचे आकडे वाचल्यावर तो वाटेनासा झाला.

त्वचेचा हा कर्करोग दुर्मीळ आहे. १९७२ मध्ये सिरिल टोकर यांनी अवघ्या पाच रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. बहुधा चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर लालसर-जांभळी गाठ येते आणि ती दुखत नाही. घात तिथेच होतो. काहीतरी चावलं असेल म्हणून माणूस थांबतो आणि तेवढ्यात रोग लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला असतो. इथल्या क्वीन्सलंड राज्यात १९९३ ते २०१० दरम्यान असे ८७९ रुग्ण नोंदले गेले. २००६ ते २०१० मध्ये वर्षाला लाखामागे १.६ हे प्रमाण होतं. तोवर जगात इतरत्र नोंदलेल्या दरांच्या ते किमान दुप्पट होतं. ऐंशी आणि त्यापुढच्या वयात तर ते २०.७ वर गेलं. पाच वर्षांनंतरचा सापेक्ष जगण्याचा दर जेमतेम ४१ टक्के.

पण हे इथेच का? २००८ मध्ये पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या प्रयोगशाळेला या गाठींत एक विषाणू सापडला. अमेरिका-युरोपात दहातल्या सुमारे आठ गाठींत तो असतो. ऑस्ट्रेलियातल्या गाठी तपासल्या, तर बहुसंख्य गाठींत तो नव्हताच. विषाणूविना झालेल्या अशा गाठींच्या जनुकांत अतिनील किरणांनी घडवलेल्या बदलांची दाटी असते. रोग एक, वाटा दोन. आणि इथली वाट मुख्यतः उन्हातून जाते. मकरवृत्त या राज्यातून जातं आणि इथल्या बहुतेकांचे पूर्वज ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेतून आलेले. गोऱ्या कातडीला हे ऊन सोसवत नाही. सावळ्या कातडीला रंगद्रव्याचं संरक्षण बरंच असतं. मात्र अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला धोका कितीतरी पट वाढतो, हे इथल्या मराठी कुटुंबांनीही ध्यानात ठेवावं.

शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला हा प्रचार १९८१ मध्ये सुरू झाला. आज ऐंशीत असलेली माणसं तेव्हा पस्तिशी ओलांडून गेली होती. कोवळ्या वयातलं ऊन कातडीत मुरलेलं होतं. म्हणून आजचे आकडे आजच्या निष्काळजीपणाचे नाहीत, असं मी मानतो.

माझे शेजारी त्याच पिढीतले. विशीत त्यांनी उत्तरेकडे उघड्या अंगाने ऊसतोडणी केली. आता दर काही महिन्यांनी ते डॉक्टरकडून कातडी तपासून घेतात, कानामागेसुद्धा. गवत कापायला सकाळी सातच्या आत बाहेर पडतात, मनगटापर्यंत बाह्या आणि रुंद काठाची टोपी घालून. कुंपणापलीकडे माझा मुलगा दिसला की आधी त्याच्या डोक्याकडे पाहतात, मग हात हलवतात.