गवत गव्याचं, पंगत जंतूंची

परतवाड्याहून घाट चढून मेळघाटातल्या सेमाडोहकडे निघालं की नशीब जोरावर असेल तर रानगवा दिसतो. टनाच्या आसपास वजनाचा हा गडी नुसत्या गवतावर आणि पाल्यावर कसा पोसला जातो, याचं कौतुक करत आपण फोटो काढतो. आतली भानगड वेगळीच असते. गवतातलं सेल्युलोज फोडणारा पाचकरस गव्याकडे नाहीच! पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जंतू ते गवत आंबवतात, त्यातून सुटलेल्या आम्लांवर गवा जगतो आणि पुढच्या कप्प्यांत त्या जंतूंनाच पचवून प्रथिनं मिळवतो. म्हणजे गवत खातात जंतू आणि जंतूंना खातो गवा.

हसू नका, तुमचं-आमचंही थोडंफार तसंच आहे. ज्वारीच्या भाकरीतला कोंडा आपल्याला पचत नाही. तो थेट मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जंतू त्यावर ताव मारतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच. शिळी भाकर आणि ठेचा हा तर जंतूंसाठी खास बेत, कारण भाकर गार होताना तिच्यातला काही स्टार्च घट्ट बांधला जातो, लहान आतड्यात पचत नाही आणि खालच्या मंडळींच्या ताटात पडतो. ठेच्याचं काय होतं ते तुमचं तुम्हाला माहीत.

ही मंडळी आहेत तरी किती? एका माणसात दहा जंतूंमागे आपली पेशी फक्त एक, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब नव्याने मांडला: जंतू साधारण ३८ लाख कोटी, आपल्या पेशी ३० लाख कोटी. सामना जवळपास बरोबरीतच. इतका, की एकदा परसाकडे जाऊन आलं की बहुमत आपल्याकडे येऊ शकतं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढ्या साऱ्या जंतूंचं वजन मात्र पाव किलोही भरत नाही.

घामाला वास नसतो, हेही जाता जाता सांगून टाकू. काखेतले जंतू घामातले पदार्थ फोडतात, तो वास त्यांचा. नाव आपलं खराब.

सेमाडोहच्या रानात साग किती, धावडा किती, ऐन किती, मोह किती, हे मोजून जंगलाची विविधता काढायची तर ‘शॅनन निर्देशांक’ वापरतात. आतड्यातल्या जंतूंची विविधताही नेमक्या त्याच सूत्राने मोजतात. आणि हे सूत्र ना वनखात्याचं, ना डॉक्टरांचं. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने ते १९४८ मध्ये मांडलं, तारा-टेलिफोनवरून जाणाऱ्या संदेशांसाठी.

आता वयाकडे वळू. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक झकास प्रयोगशाळा सापडली: आपलं एकत्र कुटुंब. एका छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या तीन पिढ्या. २०१२ मध्ये त्यांचा निबंध आला. रक्त एक, ताट एक, तरी वयागणिक आतड्यातली वस्ती निराळी! कुटुंबं दोनच होती, त्यामुळे यावरून नियम बांधायचा नाही. पण असा अभ्यास करायला घर मात्र आपल्याकडचंच हवं.

त्याच वर्षी आयर्लंडच्या कॉर्कमधून बातमी आली. आपल्या घरी राहणाऱ्या वृद्धांपेक्षा दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्या वृद्धांच्या आतड्यात जंतूंची विविधता कमी, जेवणातही वैविध्य कमी आणि प्रकृती जास्त नाजूक. आधी काय बिघडलं, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही, पण ताटाकडे बोट दाखवायला जागा आहे. जपानी शतायुषींच्या आतड्यात तर २०२१ मध्ये वेगळाच ऐवज सापडला: पित्तापासून एक खास आम्ल बनवणारे जंतू. हे आम्ल जुलाबाच्या काही हट्टी जंतूंना प्रयोगशाळेत तरी जगू देत नाही.

किलीफिश नावाचा आफ्रिकेतल्या डबक्यांत राहणारा मासा काही महिन्यांतच म्हातारा होतो. २०१७ मध्ये अधेडवयाच्या माशांचे जंतू औषधाने हटवून त्यांना तरुण माशांचे जंतू दिले, तर ते जास्त जगले. तेव्हा दह्याने आयुष्य वाढतं म्हणणारे मेचनिकॉफ अगदीच हवेत बोलत नव्हते तर! १९०८ चा नोबेल मिळवलेले हे गृहस्थ आंबवलेल्या दुधाचे भक्त होते. स्वतः मात्र एकाहत्तराव्या वर्षी गेले.

खरी गंमत आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. आईच्या दुधात अशा काही साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग कशाला? बाळाच्या पोटातल्या बिफिडो जंतूंसाठी. आई एकाच वेळी दोघांना पाजते. ओडिशात पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने हाच धागा पकडला. साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस जंतू आणि त्यांचं खाद्य दिलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण हे न दिलेल्यांत ९ टक्के, दिलेल्यांत ५.४ टक्के. २०१७ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

कुपोषणाच्या बातम्यांनी मेळघाट नव्वदच्या दशकापासून सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ढाक्याचा प्रयोग इथे नीट वाचायला हवा. कुपोषित मुलांच्या आतड्यातली जंतूंची वस्ती वयाच्या मानाने ‘कच्ची’ राहते, असं अमेरिकेचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या गटांना दिसलं होतं. पोट भरलं तरी मूल का सावरत नाही, याचं एक उत्तर तिथे होतं. मग जंतूंनाच जोपासणारं अन्न शोधलं, आधी प्राण्यांवर तपासलं, आणि वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना दिवसातून दोनदा, तीन महिने भरवलं. नेहमीच्या पूरक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी, तरी मुलांचं वजन अधिक वेगाने वाढलं. २०२१ चा हा निष्कर्ष. प्रमाण आणि जीवनसत्त्वं मोजून-मापून घातलेली असल्याने घरी मिक्सर लावू नका. पण त्यातले मुख्य जिन्नस ऐका: हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी. पहिले दोन वऱ्हाडात शेतोशेत पिकतात, केळी अंजनगाव-अकोटच्या पट्ट्यात, आणि शेंगदाणे परतवाड्याच्या कुठल्याही किराणा दुकानात.