एक इंच आत

शनिवारची संध्याकाळ, सव्वाआठ. आयोवातल्या बून स्पीडवेच्या पिटमध्ये मी उलट्या बादलीवर बसलोय. माझा ऑफिसातला मित्र हीट, म्हणजे प्राथमिक शर्यत, संपवून गाडी आत आणतोय. हेल्मेट काढायच्या आधीच तो पंजा आडवा धरून बोटं बाहेरच्या बाजूला झटकतो. म्हणजे वळणातून निघताना मागचा भाग पळतोय. इथल्या भाषेत गाडी ‘लूज’ आहे.

त्याचे वडील काही बोलत नाहीत. कुंपणापाशी जाऊन ट्रॅक बघून येतात. हा ट्रॅक एक तृतीयांश मैलाचा, मातीचा. पाच वाजता टँकरनं पाणी मारलं होतं तेव्हा बोट रुतत होतं. आता वळणात काळा, चकचकीत पट्टा पडलाय, घोटलेल्या पाटीसारखा. त्याच्यावर टायरला धरायला काही उरलेलंच नाही.

“उजवं मागचं. तीन काढ, चार लाव,” म्हातारा म्हणतो.

हे तीन-चार काय, ते मला गेल्या खेपेला कळलं. चाक किती आत-बाहेर बसतं तो ऑफसेट आपल्याकडे मिलिमीटरमध्ये सांगतात, रिमच्या मध्यरेषेपासून. मातीवरची ही मंडळी मोजतात इंचात, आणि तेही रिमच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पत्र्यापर्यंत. म्हणजे आकडा वाढला की चाक गाडीच्या पोटाकडे सरकतं. रिम तीच आठ इंच रुंद, भोकं तीच. फक्त मधला पत्रा वेगळ्या जागी वेल्ड केलेला. ट्रेलरमध्ये अशा रिमा ओळीनं टांगल्यात, प्रत्येकीवर पिवळ्या खडूनं आकडा.

जॅक लागतो. एअर गनचे पाच झटके, पाच नट थाळीत. नवं चाक चढवण्याआधी म्हातारा त्याच्याभोवती टेप गुंडाळतो, शिंप्यानं छाती मोजावी तसा. साडेसत्त्याऐंशी इंच. मग काढलेलं चाक मोजतो, तेही तेवढंच. हे मोजलं नाही तर सगळं मुसळ केरात. उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे वळते. तो फरक नकळत बदलला, तर गाडीतला बदल ऑफसेटमुळे झाला की टायरमुळे, हे कळायला मार्ग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या घराचा दंडक. मुलाला स्प्रिंगही बदलायची आहे. बाप ऐकल्या न ऐकल्यासारखं करतो.

मी मनातल्या मनात हिशेब मांडतो. मागच्या दोन चाकांवर मिळून 1,300 पाउंड धरले आणि दोन चाकांमधलं अंतर 66 इंच, तर उजवं चाक एक इंच आत घेतल्यावर उभ्या गाडीत त्याच्यावर जेमतेम दहा पाउंड वाढतात. दहा पाउंड! एवढ्यासाठी हा खटाटोप? पण वळणात गाडी उजवीकडे झुकते तेव्हा चाक जवळ असल्यामुळे त्याच्यावर भार आणखी येतो, टायर मातीत दाबलं जातं, आणि बाजूला घसरणं कमी होतं.

दुसरी गोष्ट मला आजीच्या जात्यावरून समजली. खुंटा कडेला असला की जातं हलक्या हातानं फिरतं. तोच मध्याकडे घेतला तर दंड भरून येतात. उजवं मागचं चाक म्हणजे असा खुंटाच. ते जितकं बाहेर, तितका त्याचा रेटा गाडीला डावीकडे फिरवतो. वळणं सगळी डावीच, त्यामुळे ओल्या ट्रॅकवर ते बरंच असतं. सुकलेल्या ट्रॅकवर मात्र ॲक्सिलरेटर दाबला की गाडी गरजेपेक्षा जास्त फिरते. खुंटा आत घेतला, की फिरणं आवरतं.

(पुण्यात जीपला रुंद रिमा लावून चाकं बाहेर काढणाऱ्या हौशी मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवं. तिथे चाक बाहेर जातं ते फक्त फोटोसाठी, आणि भुर्दंड बेअरिंगला.)

चाक बसतं. म्हातारा टायर आणि चॅसी यांच्या मध्ये चार बोटं घालून बघतो. जातात. चाक हातानं एक पूर्ण फेरा फिरवतो, कुठे घासत नाही. टॉर्क पान्याचा ‘टक्’ पाच वेळा येतो. तोवर दिवे लागलेत, आणि त्यांच्या झोतात धूळ तरंगतेय.

फीचरमध्ये, म्हणजे मुख्य शर्यतीत, गाडी अकराव्या जागेवरून सुटते. पहिल्या चार फेऱ्या काहीच घडत नाही, मी उगाच मुठी आवळून बसतो. पाचव्या फेरीला दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना पुढचा एक जण घसरून वर चढतो. आमची गाडी शेपूट जरा बाहेर काढते, तिथेच थबकते आणि सुटते. म्हातारा पहिल्यांदा हाताची घडी सोडतो.

शेवटी सातवा.

मुलगा खाली उतरतो, नाकातोंडात माती. “निघताना मस्त,” तो म्हणतो, “पण वळणात शिरताना आता नाक सरळ जायला बघतंय.”

बाप खिशातून वही काढतो. तारीख, ट्रॅक सुका, उजवं मागचं चार, निघताना बरी, शिरताना टाइट. तीनची रिम फडक्यानं पुसून पुन्हा ट्रेलरच्या खुंटीवर जाते.