ओळखा पाहू!

1510 साली गोवा जिंकणाऱ्या एका पोर्तुगीज सेनानीचं नाव मराठी माणसाच्या जिभेवर रुळता रुळता इतकं बदललं, की ते घेताना आता त्या सेनानीची कुणाला आठवणही होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ते घरोघरी घेतलं जातं. बाजारात भाव ऐकून लोक हळहळतात, तरी पिशवी पुढे करतात. सांगा, कोणतं नाव?

काहींनी एव्हाना ओळखलं असेल. उत्तर आहे हापूस. सेनानी होता अफोन्सो द अल्बुकर्क. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमं बांधली गेली, त्यांतल्या एका जातीला त्याचं नाव मिळालं, आणि आपण ते आपल्या पद्धतीनं उच्चारलं.

आता हीच माहिती दुसऱ्या तऱ्हेनं विचारून बघा. '1510 मध्ये गोवा कोणी जिंकलं?' परीक्षेत प्रश्न असा येतो. ज्याला येतं तो सांगतो, ज्याला येत नाही तो मान खाली घालतो. पहिल्या प्रश्नात मात्र वाटेवर खुणा ठेवलेल्या आहेत. गोवा, उन्हाळा, बाजारभाव. इतिहासात नापास झालेला माणूसही त्या खुणांवरून उत्तरापर्यंत पोचू शकतो. हौसेनं प्रश्नमंजूषा खेळणाऱ्या लोकांना या दोन प्रश्नांतला फरक पक्का ठाऊक असतो. त्यांच्या लेखी चांगला प्रश्न म्हणजे सुटू शकणारा प्रश्न. विचारणारा समोरच्याला अडवायला बसलेला नसतो. थोडं झुंजून का होईना, उत्तर सापडावं अशीच त्याची इच्छा असते.

आपल्याकडे या छंदाला रीतसर सुरुवात झाली ती कोलकात्यात. 1967 मध्ये नील ओब्रायन यांनी तिथं सर्वांना खुली असलेली प्रश्नमंजूषा घेतली. पुढे रेडिओवरची 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' आली. आधी हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांच्या आवाजात ती घराघरांत पोचली. 1983 मध्ये बंगळुरात कर्नाटक क्विझ असोसिएशन उभी राहिली. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर जमणाऱ्या मंडळींनी त्या जागेच्याच नावानं आपला क्लब काढला.

या खेळाचे नियम बघण्यासारखे आहेत. एका संघाला प्रश्न सुटला नाही, तर तो शेजारच्या संघाकडे जातो, तिथून पुढच्याकडे, आणि उत्तर सापडेपर्यंत फिरत राहतो. ज्यानं उत्तर दिलं, त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू होतो. निम्मे प्रश्न झाले की दिशा उलटी करतात. कारण हुशार संघाच्या कोणत्या बाजूला आपण बसलो, यावर नफा-तोटा ठरू नये. कुणालाच आलं नाही तर प्रश्न प्रेक्षकांकडे जातो, आणि मागच्या रांगेतला एखादा शाळकरी मुलगा उत्तर देऊन टाळ्या घेतो.

2003 पासून भरणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची रचनाही अशीच समंजस. आठ विषय, प्रत्येकाचे तीस प्रश्न, आणि ज्या विषयात तुम्हाला सगळ्यात कमी गुण मिळाले तो हिशेबातून वगळायचा. प्रत्येकाच्या डोक्यात एखादी खोली अंधारी असते, हे तिथं नियमानंच मान्य केलं आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात अशी एखादी तरतूद असती तर किती पोरांचं बालपण सुखाचं गेलं असतं!

पण मला सगळ्यात मोह पडला तो अमेरिकेत 1997 मध्ये सुरू झालेल्या 'लर्नेड लीग' या इंटरनेटवरच्या खेळाचा. जुन्या सभासदानं शिफारस केल्याशिवाय तिथं प्रवेश नाही. रोज सहा प्रश्न आणि समोर एक प्रतिस्पर्धी. आपली उत्तरं लिहून झाली की आणखी एक काम उरतं. त्याच सहा प्रश्नांना प्रतिस्पर्ध्यासाठी किंमत ठरवून द्यायची. एकाला शून्य, दोघांना एकेक, दोघांना दोन-दोन, एकाला तीन. त्याला जे नक्की येईल असं वाटतं त्याला शून्य, जे मुळीच येणार नाही त्याला तीन. मग समोरच्याला काय येतं याचा विचार करावा लागतो. याला क्रिकेट कळतं की संगीत? भूगोलात तो कुठं अडखळतो? प्रश्न वाचता वाचता माणूस वाचावा लागतो.

आणि पाहरा कुणाचाच नाही. घरी बसून, एकट्यानं, हाताशी इंटरनेट असताना उत्तरं द्यायची. शोधून बघायचं नाही हा नियम, आणि तो पाळायचा आपल्या मनाच्या साक्षीनं. हा खेळ चालवणाऱ्या गृहस्थानं टोपणनाव घेतलंय तेही 'इंटेग्रिटी', म्हणजे सचोटी. आम्हा कवींना टोपणनावांचं अप्रूप असतंच, पण इतकं जबाबदारीचं टोपणनाव घ्यायची हिंमत फार थोड्यांना झाली असती.

2000 सालच्या जुलैमध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं तेव्हा सामान्यज्ञानाला एक कोटीचं मोल आलं. तो खेळ रंगतदार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिथं चार पर्याय समोर असतात, त्यामुळे उत्तर निवडावं लागतं. हौशी मंडळींच्या खेळात ते घडवावं लागतं. मुशायऱ्यात जाणकार श्रोत्यांना काफिया आधीच कळतो, कवीनं शब्द उच्चारण्याआधी सगळं सभागृह तो म्हणून मोकळं होतं, आणि खरी दाद तिथंच मिळते. चांगल्या प्रश्नाचं उत्तर उमगतानाही तसंच होतं. 'अरे हो, हे तर मला ठाऊक होतं!' असा उद्गार निघतो.

कुणी म्हणेल, खिशातला फोन क्षणात सगळं सांगतो, मग हा खटाटोप कशाला? फोन उत्तर देतो हे खरं. पण 'मला माहीत नाही' हे म्हणायची सवय तो लावत नाही. क्विझमध्ये मोठमोठे खेळाडू दर दहा मिनिटांनी हे वाक्य खुल्या आवाजात म्हणतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. उलट खरं उत्तर ऐकायला तेच सगळ्यांत आधी कान टवकारतात.

हीच मंडळी ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वासही ठेवत नाहीत. 'क्विझ' या शब्दाचीच कथा घ्या. डब्लिनमधल्या डेली नावाच्या नाटकवाल्यानं 1791 मध्ये पैज लावली, रातोरात भिंतींवर हा निरर्थक शब्द लिहवला आणि तो रूढ केला, असं सांगतात. कथा झकास आहे. पण 1780 नंतरच्या दशकातल्या इंग्रजी लिखाणात, म्हणजे त्या पैजेच्याही आधी, हा शब्द सापडतो. सकाळ-संध्याकाळ फोनवर येऊन पडणाऱ्या मजकुरातला निम्मा जरी आपण असा तपासून घेतला, तरी कितीतरी भांडणं सुरूच होणार नाहीत. ज्याला 'माहीत नाही' म्हणता येतं, त्याला फसवणं अवघड असतं.

आपल्या ओट्यांवर एकमेकांना हुमान घालायची रीत जुनीच आहे. ती मोडू देऊ नका. आज रविवार आहे, घरात चार माणसं असतील. त्यांना विचारून बघा: दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत जन्मलेली, पोर्तुगीज नाव घेऊन आपल्याकडे आलेली, आणि आता आपल्याकडच्या उपवासालाही चालणारी वस्तू कोणती? उत्तर मी सांगत नाही. तुम्हाला सुटलं तरी तुम्हीही लगेच सांगू नका. एखादी खूण द्या आणि थोडं थांबा.